शिस्त जबड्याची

कुत्र्याला चावायला शिकवावे लागते, असे सांगितले तर कोणालाही हसू येईल. चावणे हा त्याचा जन्मजात गुण. शिकवायचेच असेल तर न चावण्याचे शिकवावे, असे कोणीही सहज म्हणेल. परंतु युरोपात गेली शंभराहून अधिक वर्षे असा एक क्रीडाप्रकार रुजला आहे, ज्यात कुत्र्याने कोठे चावावे, तोंडात किती भाग घ्यावा, किती वेळ धरून ठेवावे आणि कोणत्या क्षणी सोडावे, याचे रीतसर शिक्षण दिले जाते, परीक्षा घेतली जाते आणि गुणही दिले जातात. संरक्षण श्वानक्रीडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळाबद्दल आपल्याकडे फारशी माहिती नाही. जी आहे ती चित्रपटांतून किंवा समाजमाध्यमांवरील थरारक चित्रफितींतून आलेली असते. त्यामुळे हा सगळा प्रकार म्हणजे कुत्र्याला हिंस्र बनवण्याची शाळा, असा समज होतो. प्रत्यक्षात या प्रशिक्षणाचा मोठा भाग कुत्र्याला शांत ठेवण्यावर खर्च होतो. हे कसे, ते समजून घेण्यासाठी आधी या खेळाच्या उगमाकडे वळावे लागेल.

जातीची परीक्षा

१८९९ मध्ये जर्मनीत कॅप्टन माक्स फॉन स्टेफानित्स यांनी जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांची संघटना स्थापन केली. मेंढ्या राखणाऱ्या या कुत्र्याचे मूल्य त्याच्या रूपात नसून कामात आहे, हा त्यांचा आग्रह होता. मेंढपाळी कमी होत गेली तशी ही कार्यक्षमता पारखायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. पैदाशीसाठी निवडावयाच्या कुत्र्याची बुद्धी, धैर्य आणि आज्ञाधारकपणा तपासणारी परीक्षा त्यातूनच आकाराला आली. जर्मन भाषेत तिला ‘शुट्सहुंड’, म्हणजे रक्षक कुत्रा, असे नाव पडले. पुढे हीच परीक्षा आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांखाली ‘आयपीओ’ आणि २०१९ पासून ‘आयजीपी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या परीक्षेचे तीन भाग आहेत. पहिल्यात माणसाच्या पावलांचा माग वासावरून काढायचा, दुसऱ्यात आज्ञापालन दाखवायचे आणि तिसऱ्यात संरक्षण. प्रत्येक भागाला शंभर गुण असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येकात किमान ७० गुण मिळवावे लागतात. त्याआधी आणखी एक प्राथमिक चाचणी द्यावी लागते. तिच्यात माणसांची वर्दळ, सायकलस्वार, धावणारे लोक, इतर कुत्री यांच्यामध्ये हा कुत्रा निश्चिंत वावरतो की नाही, हे पाहिले जाते. जो कुत्रा रस्त्यावर विनाकारण बिथरतो, त्याला संरक्षणाच्या मैदानाचे दारच बंद असते.

शेजारच्या देशांतही अशाच परंपरा वाढल्या. नेदरलँड्समध्ये १९०७ मध्ये पोलिसी कुत्र्यांसाठीची ‘केएनपीव्ही’ ही संस्था सुरू झाली. तिचे प्रमाणपत्र मिळवणारी अनेक कुत्री पुढे पोलीस दलात जातात. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ‘रिंग’ नावाचे प्रकार विकसित झाले, तर या निरनिराळ्या पद्धतींचा मेळ घालणारा ‘माँडिओरिंग’ हा प्रकार १९८० च्या दशकात आला. नियम वेगळे असले तरी सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: कुत्र्याची पकड कशी आहे?

पकड म्हणजे काय?

मैदानात कुत्र्यासमोर उभा असलेला माणूस ‘हेल्पर’ या नावाने ओळखला जातो. तो गुन्हेगाराची भूमिका करतो. पण शब्दाचा मूळ अर्थ मदतनीस असाच आहे आणि तो अगदी यथार्थ आहे. त्याच्या एका हातावर जाडजूड संरक्षक बाही असते. तिच्यावर तागाचे कापड चढवलेले असते. जगातील बहुतेक ताग भारत आणि बांगलादेशात पिकतो. तेव्हा ज्या धाग्याची पोती आपल्याकडे धान्याच्या बाजारात दिसतात, त्याच धाग्यावर युरोपातील या कुत्र्यांचे शिक्षण होत आले आहे. ताग चिवट असतो, दातांना त्यात पकड मिळते आणि तो गुळगुळीत नसल्याने जबडा घसरत नाही.

या बाहीवरील आदर्श पकडीचे वर्णन परीक्षक तीन शब्दांत करतात: पूर्ण, घट्ट आणि शांत. पूर्ण म्हणजे जबडा शेवटपर्यंत भरलेला असणे. बाही सुळ्यांच्या टोकांवर लटकून न राहता थेट मागच्या दाढांपर्यंत गेली पाहिजे. घट्ट म्हणजे हेल्पर कितीही हलला, त्याने कितीही दबाव आणला, तरी ती ढिली पडता कामा नये. आणि शांत म्हणजे चावून चघळणे, सोडून पुन्हा पकडणे, गुरगुरणे, असा अस्वस्थपणा नसणे.

या तीन अटींना शारीरिक आणि मानसिक असे दोन्ही आधार आहेत. फक्त पुढच्या दातांनी धरणाऱ्या कुत्र्याचा सगळा भार सुळ्यांवर येतो. ओढाताणीत सुळा तरफेसारखा वाकवला जातो आणि तुटण्याचा धोका वाढतो. तोंड भरून धरले की हाच भार जबड्याच्या मोठ्या भागावर विभागला जातो. जबडा मिटणारे गालाचे आणि कानशिलाचे बळकट स्नायू दाढांजवळ अधिक परिणामकारक ठरतात, हाही लाभ असतो.

मानसिक बाजू याहून महत्त्वाची आहे. टोकाने चावणारा कुत्रा बहुधा मनातून साशंक असतो. शरीर मागे, तोंड पुढे, अशी त्याची अवस्था असते. चावायचे आहे, पण पळण्याची वाटही मोकळी ठेवायची आहे. जो घाबरत नाही तो पुढे घुसून तोंड भरून धरतो. सतत चघळणारा कुत्रा आपली अस्वस्थताच जबड्यातून व्यक्त करत असतो. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक पकडीकडे कुत्र्याच्या मनाचा आरसा म्हणून पाहतात.

चिंधीपासून सुरुवात

हे शिक्षण पिल्लू आठ-दहा आठवड्यांचे असल्यापासून खेळाच्या रूपात सुरू होऊ शकते. साधन अगदी साधे: तागाची किंवा मऊ चामड्याची चिंधी. ती पिल्लाच्या तोंडापुढे नाचवायची नाही, तर त्याच्यापासून दूर पळवायची. सावज नेहमी पळते. शिकाऱ्याच्या तोंडात येऊन पडत नाही. हे तत्त्व पिल्लाच्या रक्तातच असते. चिंधी जमिनीवरून सरपटत निघाली की ते मागे धावते, झेप घेते आणि धरते. धरल्यावर क्षणभर हलकी ओढाताण होते आणि मग चिंधी पिल्लाला ‘जिंकू’ दिली जाते. आपण जोर लावला की समोरचा हरतो, हा विश्वास या वयात रुजवायचा असतो.

येथेच दातांचा प्रश्न येतो. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास ४२ कायमचे दात पूर्ण होतात. या काळात हिरड्या हुळहुळत असतात. अशा वेळी ओढाताण केली, तर चावणे म्हणजे दुखणे हे समीकरण पिल्लाच्या मनात पक्के बसते. मग ते दुखू नये म्हणून टोकाने धरू लागते आणि ही सवय पुढे मोडणे अतिशय अवघड जाते. त्यामुळे जाणकार प्रशिक्षक या महिन्यांत ओढाताणीचे काम थांबवतात आणि माग काढणे, आज्ञापालन यांवर भर देतात. उतावीळ मालकाने याच काळात केलेली घाई कुत्र्याच्या आयुष्यभराच्या पकडीवर उमटते.

पक्के दात आल्यानंतर चिंधीची जागा तागाची जाड गुंडाळी घेते आणि नंतर दोन्ही बाजूंनी मुठी असलेली चपटी उशी येते. उशीचा हेतू उघड आहे. गुंडाळी अरुंद असल्याने ती तोंडात सहज मावते. उशी रुंद असल्याने कुत्र्याला जबडा मोठा उघडावा लागतो. ती नेमकी कशी समोर धरायची, याला महत्त्व आहे. काठ पुढे आला तर कुत्रा काठच धरणार. म्हणून मधला सपाट भाग त्याच्या तोंडाच्या उंचीवर, किंचित तिरका आणि स्थिर असा द्यायचा. लक्ष्य स्पष्ट दिसले की कुत्रा चुकत नाही. माणसाचा हात चुकला की कुत्र्याची पकड बिघडते.

ताण, ढील आणि पुढचा घास

उथळ पकड पूर्ण कशी करवून घ्यायची? ओरडून किंवा शिक्षा करून ते साध्य होत नाही. त्यासाठी कुत्र्याच्या एका स्वाभाविक प्रतिक्रियेचा उपयोग केला जातो. त्याला रुंद पट्टा किंवा छातीवरचा पट्टा बांधून दोरीने मागे धरलेले असते. समोरून उशीवर सारखा ताण ठेवला की कुत्रा विरुद्ध दिशेने ओढतो आणि पकड आवळतो, कारण ढिली केली तर सावज निसटेल. मग हेल्पर क्षणभर ताण कमी करतो. या ढिलाईत कुत्र्याला पुढे सरकून अधिक भाग तोंडात घेण्याची संधी मिळते. त्याने तसे केले, की हेल्पर लगेच माघार घेतल्यासारखा लडखडतो, ओरडतो किंवा उशी सोडून देतो. पुढे घुसल्याने समोरचा हरतो, हा हिशेब कुत्र्याला कळतो. याच क्रियेला प्रशिक्षणाच्या भाषेत ‘काउंटर’ म्हणतात. याउलट, कुत्रा चघळत असताना किंवा टोकाने धरून झटके देत असताना त्याला बक्षीस मिळाले, तर तीच सवय पक्की होते. बक्षिसाची वेळ अर्ध्या क्षणाने चुकली तरी धडा बदलतो. या कामाची खरी कठीण बाजू हीच.

उशी जिंकल्यावर कुत्र्याने ती तशीच तोंडात घेऊन फिरावे, यासाठी हँडलर त्याला दोरीवर शांतपणे गोल फिरवतो. धावत राहिल्याने कुत्रा ती खाली टाकून फाडत बसत नाही. जिंकलेली वस्तू मान उंच करून शांतपणे वाहणे हाही पकडीचाच अभ्यास आहे. या वेळी हँडलर कुत्र्याला प्रेमाने थोपटतो. वस्तू लगेच हिसकावून घेत नाही. मालक जवळ आला की सावज जाते, असा अनुभव कुत्र्याला आला तर तो मालकापासूनच पळू लागतो आणि पुढे ‘सोड’ म्हटल्यावर संघर्ष उभा राहतो.

हेल्परचे कौशल्य

उशीनंतर मऊ बाही आणि त्यानंतर कडक बाही येते. कडक बाहीवर चाव्यासाठी उंचवटा असतो. तो जबड्यात नीट बसेल अशा बेताने हात धरणे हेल्परला शिकावे लागते. लांबून वेगाने येणाऱ्या तीस-पस्तीस किलोच्या कुत्र्याला झेलणे हे तर सर्वांत जोखमीचे काम. हेल्पर भिंतीसारखा उभा राहिला, तर सगळा आघात कुत्र्याच्या मानेच्या मणक्यांवर आणि दातांवर येतो. म्हणून धडकेच्या क्षणी हेल्पर अंग वळवतो, कुत्र्याचा वेग गोलाकार फिरवत जिरवतो आणि मग त्याला जमिनीवर सुखरूप उतरवतो. मैदानातील ‘गुन्हेगार’ हाच कुत्र्याच्या सुरक्षिततेचा पहिला राखणदार असतो, तो असा.

त्याच्या दुसऱ्या हातात मऊ आवरण असलेली काठी असते. तिचा हेतू इजा करण्याचा नसून दबावाखाली कुत्रा डगमगतो का, हे पाहण्याचा असतो. हा दबाव किती आणि केव्हा द्यावा, यावर प्रशिक्षणाचे यश ठरते. शिकारीच्या खेळात कुत्रा आनंदी आणि निर्भय असतो. धमकीला तोंड देताना मात्र स्वसंरक्षणाची प्रेरणा जागी होते आणि तिच्यात भीतीचा अंश असतो. अपरिपक्व कुत्र्यावर आधीच धमकीचा मारा केला, तर तो बाहेरून आक्रमक दिसतो, पण त्याची पकड उथळ आणि अस्वस्थ होते. म्हणून दबाव थोडा वाढवायचा, कुत्र्याने ठाम पकडीने उत्तर दिले की लगेच हटायचे, असा क्रम ठेवला जातो. शरीर आणि मन प्रौढ होईपर्यंत, म्हणजे बहुधा दीड-दोन वर्षांपर्यंत, ही बांधणी चालू राहते.

लक्ष्य कोणते?

आयजीपीमध्ये लक्ष्य एकच: बाही. शरीराच्या अन्य भागाकडे तोंड वळवणाऱ्या कुत्र्यावर स्पर्धेतून बाद होण्याची वेळ येऊ शकते. फ्रेंच रिंगमध्ये मात्र समोरचा माणूस पूर्ण अंगभर संरक्षक पोशाख घालतो आणि कुत्री बरेचदा पायावर झेप घेतात. तेथे हा माणूस हुलकावणी देतो, उड्या मारतो, कुत्र्याला चुकवतो. पायाची पकड त्याला जखडून ठेवण्यासाठी उपयोगी पडते. ही कुत्री गळ्यात पट्टाही न ठेवता काम करतात, हे विशेष. माँडिओरिंगमध्येही पूर्ण पोशाख असतो आणि अनपेक्षित वस्तूंचे अडथळे मधे आणले जातात.

एकाच बाहीवर शिकलेला कुत्रा बाहीलाच सावज समजू लागतो, ही या पद्धतीवरील जुनी टीका आहे. बाही गळून पडली की माणसाकडे दुर्लक्ष करून तो तीच घेऊन बसेल. क्रीडेपुरते पाहिले तर हा दोष फारसा नाही, कारण समाजात वावरणाऱ्या कुत्र्याने माणसाला सावज न समजणेच इष्ट. पोलीस आणि लष्करी कामात मात्र ते चालत नाही. म्हणून तेथे कपड्यांखाली लपवलेली बाही आणि निरनिराळ्या भागांवरील पकड शिकवली जाते. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनविरुद्धच्या कारवाईत सहभागी झालेला ‘कैरो’ हा बेल्जियन मॅलिनॉइस जातीचा होता. भारतातही केंद्रीय राखीव पोलीस दल आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दल यांनी ही जात स्वीकारली आहे. क्रीडा आणि सेवा यांची मुळे एकच असली, तरी वाटा अशा वेगळ्या होतात.

‘सोड’ या शब्दाची किंमत

‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण या मैदानावर नियम म्हणून लागू होते. संरक्षण परीक्षेच्या वरच्या पातळीवर मैदानात सहा आडोसे असतात. कुत्रा ते हुंगत शेवटच्या आडोशात लपलेल्या हेल्परला शोधतो. हेल्पर निश्चल उभा असेल, तर कुत्र्याने त्याच्यासमोर अगदी जवळ थांबून जोरजोराने भुंकायचे असते; स्पर्शही करायचा नाही. येथे चावा घेतला तर गुण कापले जातात. हेल्परने पळायचा प्रयत्न केला किंवा हल्ला केला, तरच पकड. म्हणजे धोका आहे की नाही, हे ओळखून वागण्याची ही परीक्षा आहे.

त्याहून कठीण परीक्षा सोडण्याची. हेल्पर थांबला की हँडलर ‘आउस’, म्हणजे ‘सोड’, अशी आज्ञा देतो. उत्तेजनेच्या शिखरावर असलेल्या कुत्र्याने एका शब्दावर जबडा उघडायचा आणि समोर लक्ष ठेवून बसायचे. आज्ञेची पुनरावृत्ती करावी लागली तर गुण जातात आणि तिसऱ्या आज्ञेनंतरही कुत्र्याने सोडले नाही तर तो बाद होतो. पकड कितीही सुंदर असो, तिला मग किंमत उरत नाही.

हे शिकवण्याच्या पद्धती काळानुसार बदलल्या. १९१० मध्ये कोनराड मोस्ट यांनी लिहिलेल्या श्वानप्रशिक्षणावरील ग्रंथाचा प्रभाव अनेक दशके होता. त्या परंपरेत सक्तीला मोठे स्थान होते. परंतु दुखवून सोडायला लावले, की कुत्रा कधी सोडण्याच्या धास्तीनेच उथळ धरू लागतो, तर कधी वेदनेमुळे अधिक घट्ट धरतो. आज अनेक प्रशिक्षक अदलाबदलीचा मार्ग पसंत करतात. उशी एकदम निर्जीव झाल्यासारखी स्थिर धरायची. ओढाताण संपली की धरून ठेवण्यातली मजा संपते. कुत्र्याने तोंड उघडले त्या क्षणी आज्ञा जोडायची आणि बक्षीस म्हणून पुन्हा चावू द्यायचे. सोडले की खेळ संपत नाही, तर नव्याने सुरू होतो, हे उमगलेला कुत्रा आनंदाने सोडतो.

कायद्यानेही हीच दिशा धरली. विजेचा धक्का देणाऱ्या पट्ट्यांचा वापर जर्मनीत प्राणिसंरक्षण कायद्याच्या विरुद्ध असल्याचे तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले. २०२२ च्या प्रारंभापासून प्रशिक्षणात काटेरी आणि वेदना देणाऱ्या साधनांवर तेथे बंदी आली. या नियमामुळे पोलिसी कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचे काय, हा प्रश्न उपस्थित झाला आणि बर्लिनच्या पोलिसांनी आपली संरक्षण कुत्री काही काळ कामावरून बाजूला ठेवली. वेदनेशिवाय संपूर्ण ताबा मिळवता येतो का, हा वाद तज्ज्ञांत अजूनही मिटलेला नाही.

आपल्याकडील धडा

शहरांतील सोसायट्यांत जर्मन शेफर्ड, रॉटवायलर आता नवे राहिलेले नाहीत. अशा कुत्र्याला ‘राखणीसाठी तयार’ करायचे म्हणजे साखळीला बांधून ठेवायचे, अनोळखी माणसाकडून काठीने डिवचायचे आणि तो अंगावर धावला की कौतुक करायचे, असा समज आढळतो. वरील विवेचनाच्या कसोटीवर हा प्रकार पूर्णतः उलटा ठरतो. त्यात कुत्रा भीतीपोटी चावायला शिकतो, त्याला लक्ष्य ठाऊक नसते आणि ‘सोड’ हा शब्द त्याने ऐकलेलाच नसतो. बाहीवर शिकलेल्या कुत्र्यापेक्षा असा कुत्रा लहान मुलांना आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना कितीतरी अधिक धोकादायक असतो.

कायद्याची जबाबदारी मालकावरच येते. पाळीव प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्र्याला अवाजवी काळ आखूड साखळीला बांधून ठेवणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये क्रौर्य ठरते.

कुत्र्याला चावा शिकवून देतो असे म्हणणाऱ्या प्रशिक्षकाकडे जाणाऱ्याने म्हणूनच काही साधे प्रश्न विचारावेत. कुत्र्याचा स्वभाव आधी तपासला जातो का? दात बदलण्याच्या काळात काम थांबवले जाते का? हेल्पर प्रशिक्षित आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कुत्रा सोडायला कसा आणि केव्हा शिकतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘ते नंतर बघू’ असे आले, तर तेथून कुत्र्यासह परत फिरणे हेच शहाणपणाचे. बहुतेक घरांना चावणाऱ्या कुत्र्याची गरजही नसते. अनोळखी पाऊल वाजताच भुंकणारा आणि मालकाने सांगताच गप्प बसणारा कुत्रा राखणीला पुरेसा असतो.

ज्या देशांत हा खेळ वाढला, तेथे त्याच्यामागे संघटना, परीक्षक, नियमपुस्तके आणि दीर्घ अनुभव उभा आहे. त्यातला फक्त चावा उचलायचा आणि शिस्त मागे ठेवायची, असे करता येणार नाही.